नाकतोड्याच्या ऐरणीवरचा लुक्रिओ

ज्याची बोटं रोज तुमच्या घणाखाली असतात, त्याच्याशी भांडण फार वेळ ठेवता येत नाही. मी भांडकुदळ माणूस आहे, हे अख्खी कापितोल टेकडी सांगेल. बायकोशी, घरमालकाशी, खालच्या आळीतल्या पाववाल्याशी, सगळ्यांशी माझं वाजलेलं आहे. पण लुक्रिओशी सकाळी वाजलं की पहिली भट्टी तापायच्या आत मिटवावं लागे. मनात राग धरून घण उचलला तर तो कुठे पडेल याचा नेम नसतो.

आमची टांकसाळ टेकडीवर, जुनो मोनेताच्या देवळाला लागून. एकेका ऐरणीवर दोन माणसं. मी घणकरी. पाय बाकदार, म्हणून लोक मला वातिया, म्हणजे फेंगड्या, म्हणतात, आणि लुक्रिओ म्हणायचा वात्या. मी दरिद्री खरा, पण जन्माने मोकळा, रोजावर येणारा. लुक्रिओ गुलाम होता, वेतिदियस घराण्यातल्या थोरल्या बाईंचा. त्यांनी त्याला टांकसाळीला भाड्याने दिला होता. ऐरणीपुढे एक बसका दगड होता, त्यावर तो बसायचा. खालचा ठसा ऐरणीत रुतवलेला, त्यात देवीचं तोंड. भट्टीतून आलेली तापलेली चांदीची चकती चिमट्याने उचलून लुक्रिओ त्यावर बेतशीर ठेवायचा, वरून दुसरा ठसा उभा धरायचा. या वरच्या ठशात दोन घोड्यांचा रथ. मग मोकळ्या हाताच्या नखाने ऐरणीवर दोनदा टकटक करायचा. टकटक म्हणजे सगळं जागेवर आहे, मार. मी मारायचो. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला रथ, झालं नाणं. टकटक ऐकल्याशिवाय मी घण कधी खाली आणला नाही आणि टकटक झाल्यावर कधी थांबलो नाही. म्हणून त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. बाकीच्या ऐरणींवर बसणाऱ्यांची बोटं जाऊन मोजा, मग कळेल.

देवीच्या मानेमागे जी इवलीशी खूण असते, ती ऐरणीची खूण. कोणाची पळी, कोणाचा बेडूक. आमचा नाकतोडा. नाणं वाईट निघालं तर कोणाच्या मानगुटीवर बसायचं ते कळावं म्हणून ती सोय.

दरवर्षी वरती नवे अधिकारी येतात, बड्या घरची तरणी पोरं, आणि प्रत्येक जण आपल्या घरचे देव नाण्यावर आणतो. त्या वर्षी त्यांच्यात वेतिदियस घराण्यातले धाकले मालक होते, म्हणजे थोरल्या बाईंचे नातू. त्यांचं मूळ घराणं सबिनी डोंगरातलं, म्हणून त्यांनी फेरोनिया निवडली. फेरोनिया ही सुटलेल्या गुलामांची आई. तारासिनाजवळ तिच्या देवळात एक दगडी आसन आहे. लायक गुलामांनी बसावं, मोकळं होऊन उठावं, असं त्यावर कोरलेलं आहे. तिथे बसलेला गुलाम डोक्यावर लोकरीची टोपी घालून उठला की तो कोणाचा नसतो. रोममधल्या प्रत्येक गुलामाला हे आसन पाठ आहे, बघितलेलं असो वा नसो.

तिचा ठसा पहिल्यांदा ऐरणीत बसवला तेव्हा आमच्या इथले सगळे गुलाम पुढे येऊन बघून गेले. कोणी हात जोडले, कोणी ठशाला हात लावून तो डोळ्यांना लावला. लुक्रिओ तेवढा हसला. म्हणाला, "हिला दिवसभर भाजायचं, ठोकायचं, पिशवीत कोंबायचं. आपल्यावर ही कशी काय प्रसन्न व्हायची, वात्या?"

त्याचे डोळे जात होते ते मला त्याच वसंतात कळलं. जेवताना त्याने आंबट दारूचं पाणी वाटीच्या शेजारी ओतलं. मी खेकसलो, तेव्हा आधी हात थरथरल्याची सबब सांगितली, मग कबूल झाला. उजेड कळतो, सावली कळते, माणूस आला-गेला कळतो. बारीक काही दिसत नाही. "तुझं थोबाड आता दिसत नाही," म्हणाला, "देव अगदीच वाईट नसतात."

मला हसू आलं नाही. ठसे धरणाऱ्याचे डोळे गेले म्हणजे सगळंच गेलं. त्याचं कारण सांगतो. कधीकधी काय होतं, ठोकलेलं नाणं खाली सुटत नाही, वरच्या ठशालाच चिकटून बसतं. ते लक्षात आलं नाही आणि पुढची चकती ठेवून घण मारला, की खालून देवी नीट उमटते, पण वरून रथाऐवजी चिकटलेल्या नाण्यावरची देवी चकतीत घुसते. नाण्याच्या पाठीवर देवीचं तोंड खोल, उलटं, आत गेलेलं. आम्ही त्याला पोकळ देवी म्हणतो. अपशकुनी दिसते ती. सापडली की मुकादम ती पुन्हा मुशीत टाकतो आणि ठसे धरणाऱ्याच्या कानाखाली एक ठेवून देतो.

बाकीचे दर ठोक्यानंतर वरचा ठसा डोळ्यांनी बघतात. लुक्रिओ त्यावरून अंगठा फिरवायचा. रथाची चाकं बोटाला लागली की ठसा मोकळा. काही महिने हे उत्तम चाललं, आणि माझाही एक डोळा ठशावर असायचा. पण उन्हाळा संपता संपता त्या अंगठ्याला तापलेली चकती चाटली. फोड आला, फुटला आणि वर चामड्यासारखी जाड कातडी धरली. अंगठाही आंधळा झाला म्हणा. कधी लागायचं, कधी नाही. मी दोघांच्या वाटचं बघायचो आणि देवाला हाका मारायचो.

द्राक्षांची तोडणी उरकली आणि थोरल्या बाई गेल्या. मृत्युपत्र वाचलं गेलं. त्यात लुक्रिओचं नाव होतं. बाईंचा नातवावर जीव, त्याच्या वर्षाची नाणी देखणी निघावीत ही हौस, आणि लुक्रिओइतका बेतशीर हात कोणाचा नाही हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी अट घातली. नातवाचं वर्ष संपेपर्यंत लुक्रिओ ऐरणीपुढे बसून काम करील, तर वर्षअखेरीस तो मोकळा. मध्येच काम सुटलं, तर तो घरच्या मालमत्तेत नातवाकडे.

वर्ष संपायला एक पावसाळी ऋतू उरला होता. आंधळ्याने तेवढे दिवस काढायचे होते, बस. मी म्हटलं, काढू. त्या दिवशी त्याची टकटक जरा जास्त जोरात वाजत होती.

आणि मग बाईंच्या अंत्ययात्रेत ते घडलं. मेल्यावर पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याला द्यायला मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवतात. गरिबाच्या तोंडात तांब्याचं ठेवतात. धाकल्या मालकांनी स्वतःच्या नाण्यांतलं चांदीचं कोरं नाणं काढलं, रडत रडत स्वतःच्या हाताने आजीच्या जिभेवर ठेवलं. चितेवर चढवताना मयताचं तोंड उघडलं आणि नाणं खाली घरंगळलं. उचलणाऱ्याने ते उलटं धरलं. रथ नव्हता. फेरोनियाचं तोंड आत गेलेलं होतं, उलटं फिरलेलं, पोकळ. मानेमागे नाकतोडा.

लगेच दुसरं नाणं ठेवून चिता पेटवली. पण बघायचं ते शंभर जणांनी बघितलं होतं. दिवस मावळायच्या आत चौकातला एकेक न्हावी सांगत होता, की देवीने वेतिदियसांच्या म्हातारीला पाठ दाखवली.

दुसऱ्या दिवशी धाकले मालक टांकसाळीत आले. आमच्याकडे बघितलंही नाही, सरळ मुकादमाला घेऊन कोळशाच्या कोठीत गेले. मुकादम फिलोनिकस, एकेकाळी गुलाम असलेला आणि ते विसरलेला माणूस. मी भट्टीच्या आडोशाला होतो, आणि मला ऐकू येतं त्याला मी काय करणार. मालकांचं म्हणणं, ही चूक नाही, करणी आहे. मृत्युपत्रात आपलं नाव आहे हे गुलामाला आधीच कळलं असणार, बाईंनी लवकर मरावं म्हणून त्याने पोकळ देवी घडवून घरात पोचवली असणार. त्याला आत्ताच्या आत्ता तिथून हाकलतो, म्हणाले.

फिलोनिकसने घाईने त्यांना अडवलं. "मालक, वाटेल ते करा, पण त्याला ऐरणीवरून तुम्ही उठवू नका. वारसानेच अडवलं, तर अट पुरी झाली असं कायदा धरतो. तुम्ही उठ म्हणालात, की तो मोकळा. त्याला आपणहून चुकू द्या."

मग मालकांनी दुसरी वाट काढली. चौकशी करायची. गुलामाचा शब्द आमच्याकडे असाच धरत नाहीत. आधी दोरीने ताणायचं, फटके मारायचे, तरीही जे बोलतो ते खरं मानायचं. माझा शब्द तसाच चालतो, कारण माझा बाप मोकळा होता. पण माझा शब्द कोणी विचारलाच नाही. साक्षीदार बोलवायला आणि दोरीने ताणणारा माणूस भाड्याने आणायला तीन-चार दिवस लागणार होते.

दुपारी देवळाच्या पायरीवर बसून आम्ही हरभरे खात होतो, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. सांगितलं की जा आणि डोळ्यांचं बोल. करणी नव्हती, दिसत नाही म्हणून झालं, हे एकदा कळलं की दोरीही टळेल आणि फटकेही टळतील.

"आणि अट?" तो म्हणाला.

आंधळ्याला ऐरणीवर कोण बसू देतं. डोळ्यांचं सांगितलं तर जीव वाचत होता, पण तो मरेपर्यंत वेतिदियसांचा. नाही सांगितलं तर दोरी. त्या दोरीवरून उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे खांदे नंतर काही उचलत नाहीत. मला इतका संताप आला की मी हरभऱ्यांची वाटीच पायरीवरून खाली भिरकावली. तो म्हणाला, माझे पण होते त्यात.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, धाकले मालक अजून तसेच तापट आहेत का. मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय त्यांच्या पंगतीला असतो. तो म्हणाला, "लहानपणी मी त्यांना खांद्यावर घेऊन फिरायचो. सोंगट्यांचा खेळ मांडायचे. हरायला लागले की पट उधळून द्यायचे, आणि मग रडायचे, का उधळला म्हणून." एवढं बोलून तो उठला. मला वाटलं, भीतीने म्हातारा जुन्या गोष्टी उगाळतोय.

ठरल्या दिवशी सकाळीच अंगण भरलं. मालकांनी शेजारपाजारचे सात-आठ प्रतिष्ठित लोक आणले होते, शुभ्र झग्यांतले. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते, खटल्यांत बोलणारे, सगळे त्यांना मान देत होते. दरवाज्याशी तो भाड्याचा माणूस उभा, खांद्यावर दोऱ्यांची पिशवी. त्याचं कोणाशी काही वैर नव्हतं. तो तोंडात भिजवलेल्या शेंगांच्या बिया टाकत होता आणि सालं हातात गोळा करत होता. माझं लक्ष सारखं त्या पिशवीकडे जायचं. लुक्रिओला ती दिसत नव्हती हे बरंच होतं.

मालक पुढे आले. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. खोटं नाही सांगत, त्या माणसाला दुःख खरं होतं. आईबाप लवकर गेले, आजीनेच वाढवलेलं पोर. त्यांनी एक नाणं लुक्रिओच्या हातात दिलं.

"बघ. तुझं आहे ना?"

लुक्रिओने नाणं तळहातावर घेतलं, मान खाली घातली आणि बघितल्यासारखं केलं. अंगठा एकदा पुढून, एकदा मागून फिरला. मी मनात म्हणत होतो, लाग बाबा, आज तरी लाग.

"माझंच आहे, मालक," तो म्हणाला. "पण ते हे नाही. हे चांगलं आहे."

मालकांनी फिलोनिकसकडे पाहिलं. फिलोनिकसला त्याच्या डोळ्यांचा संशय होता तर, आणि सापळा लावला होता त्याने. सापळा फसला. मग मालकांनी झग्याच्या घडीतून ते पोकळ नाणं काढलं आणि ते साक्षीदारांत फिरवलं. प्रत्येक जण उलटं करून बघे आणि घाईने पुढे देई. मालक म्हणाले, मुकादम सांगतो की असं चुकून होतं. मला माझ्या डोळ्यांनी चूक बघायची आहे. बस आणि पाड. नाही झाली चूक, तर ती चूक नव्हतीच. मग हा माणूस आहेच. दरवाज्यातल्या माणसाने आपलं नाव निघालं म्हणून सालं खाली टाकली.

विचार करा काय पेच होता. नाणी चांगली पडली तर करणी ठरणार आणि दोरी. पोकळ देवी पडली तर मुकादम विचारणार की समोर चिकटलेलं दिसलं कसं नाही, आणि दोन बोटं डोळ्यांपुढे नाचवून बघणार. मला तर दोन्हीकडे विहीर दिसत होती. लुक्रिओ त्याच्या दगडावर बसला, अंगठा जिभेने ओला केला आणि चिमटा हातात घेतला.

पहिली चकती. टकटक. मी मारलं. नाणं चांगलं पडलं. दुसरी, तिसरी, तीही चांगली. देवळातले पारवे तेवढे घुमत होते. फिलोनिकस मालकांच्या कोपराशी उभा होता, खाली वाकून एकेक नाणं उचलत होता. पुन्हा चकती, पुन्हा टकटक. मी मारलं, लुक्रिओने ठसा उचलला, आणि खाली नाणं नव्हतं.

ते वर होतं. ठशाला चिकटलं होतं. मला स्वच्छ दिसत होतं. साक्षीदारांना काय कळणार, ते खाली बघत होते. मुकादम नेमका मागचं नाणं उजेडात धरून होता. लुक्रिओचा अंगठा सवयीने ठशावरून फिरला. अर्ध्यावर थांबला. परत मागे गेला, अगदी सावकाश, आणि पुन्हा थांबला. त्याला लागलं होतं. इतक्या महिन्यांत मी त्या अंगठ्याला ओळखत होतो, त्याला लागलं होतं हे मी शपथेवर सांगेन.

त्याने नवी चकती घेतली, देवीवर ठेवली आणि तो ठसा तसाच वरून धरला.

टकटक.

माझा घण वर होता आणि तो खाली येईना. मी मारलं की झालं. त्याला सांगावं तर अंगण ऐकत होतं. घाम डोळ्यांत गेला. लुक्रिओने मान वर केली नाही. त्याने पुन्हा टकटक केलं, शांतपणे, जसं तो मी कुठे भलतीकडे बघत असलो की करायचा. टकटक झाल्यावर मी कधी थांबलो नव्हतो. मी मारलं.

त्याने ते नाणं उचललं, उलटं केलं आणि पोकळ बाजू वर करून मालकांच्या पुढे धरलं. साक्षीदार पुढे सरकले. फिलोनिकसने ठसा हिसकावून घेतला, चिकटलेलं नाणं नखाने खरवडून काढलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, की हे बघा, हे असं होतं. ते म्हातारे गृहस्थ मान हलवून म्हणाले, की यात करणी काही दिसत नाही, कामातला अपघात आहे. माझ्या छातीतून अर्धा दगड उतरला. उरलेला अर्धा तिथेच होता, कारण फिलोनिकस आता लुक्रिओच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला होता.

त्याने तोंड उघडायच्या आत लुक्रिओ बोलला. फक्त धाकल्या मालकांशी बोलला, घरच्या माणसाशी बोलतात तसा.

"बाईंच्या तोंडात ठेवलंत ते असंच होतं, मालक. ठेवण्याआधी एकदा उलटं करून बघायला हवं होतंत. तुम्हाला तर दिसत होतं."

मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्या पोराला रात्रंदिवस जे खात होतं, नेमकं तेच त्याला आठ माणसांत कोणीतरी सांगितलं होतं. फिलोनिकसने त्यांचा कोपर दाबला. त्यांनी तो झटकला.

"ऊठ," ते म्हणाले. "ऊठ तिथून. माझ्या देवीला हात लावू नकोस. या ऐरणीपुढे पुन्हा बसायचं नाही, आजपासून नाही, कधीच नाही. ऊठ म्हणतो ना."

फिलोनिकसने डोळे मिटून घेतले. लुक्रिओने चिमटा ऐरणीवर नीट ठेवला. हात झग्याला पुसले. आणि तो दगडावरून उठला. म्हातारा झाला होता, गुडघे वाजले. ऐरणीतली फेरोनिया वर तोंड करून पडलेली होती, आणि त्या खटलेवाल्या गृहस्थांनी हळूच, स्वतःशीच म्हटल्यासारखं, तारासिनाच्या आसनावरचं ते वाक्य म्हटलं. मग ते मालकांकडे वळून म्हणाले, की बाळ, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तुम्हीच त्याला अडवलंत. अट पुरी झाली.

मालकांना तेव्हा कळलं. "बस," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "खाली बस."

"मालक," लुक्रिओ म्हणाला, "बसायचं होतं तेवढं बसून झालं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाईंना मागून जे नाणं दिलंत, तेही माझ्याच हातचं असणार. त्यावर रथ असेल. नावाड्याने घेतलं असेल ते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

धाकले मालक दोन्ही पोकळ देव्या मुठीत धरून तिथेच उभे राहिले. पट उधळून झाल्यावर पोर रडतं, तसे ते आता रडतील असं मला वाटलं, आणि माझ्या मनाविरुद्ध मला त्यांची दया आली. दरवाज्यातल्या माणसाने आपल्या भाड्याचं काय ते हळूच विचारलं.

पण खेळ संपला नव्हता. लुक्रिओ ऐरणीशी उभा होता आणि पाऊल उचलत नव्हता. मला कळलं तो का थांबलाय. फिलोनिकसलाही कळायला लागलं होतं. आंधळा आहे हे आता कोणी दाखवून दिलं असतं, तर मुकादम लगेच म्हणाला असता, की हा तसाही बसू शकला नसता, मालकांनी कुठे अडवलं, डोळ्यांनी अडवलं. पुन्हा वाद, पुन्हा खटला, पुन्हा तो पिशवीवाला. लुक्रिओला अंगण ओलांडायचं होतं, कोळशाच्या टोपल्यांमधून, पाण्याच्या हौदाच्या कडेने, मग दरवाजा, मग टेकडीच्या त्या झिजलेल्या पायऱ्या. आणि मी हात दिला असता, तर सगळं तिथेच बुडालं असतं.

देवांनी मला अक्कल फार दिली नाही, पण तोंड दिलं आहे. मी घण टाकला आणि त्याच्यावर ओरडायला लागलो.

"चल, निघ. माझी आजची मजुरी खाल्लीस, हरामखोरा. चल इकडे, ये ना माझ्या मागे. उजवीकडे काय बघतोस, तिकडे टोपल्या आहेत, चोरायच्या आहेत का?" मी त्याच्या पुढे चालत होतो आणि मागे तोंड करून शिव्या देत होतो. तो माझ्या आवाजामागे येत होता. "हौदात जीव द्यायचाय का आता? मग डावीकडून जा की, म्हशीएवढी वाट आहे." साक्षीदारांत एक जण हसला, मग दुसरा. दरवाज्यातला माणूस बाजूला झाला. "उंबरा आहे, मोकळा झालास म्हणून काय उडून जाणार आहेस? आता पायऱ्या, थोरले सरदार, एकेक करून उतरा, मागे घोडा नाही लागलेला."

आयुष्यात मी त्याला दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या त्या पायऱ्यांवर दिल्या. त्याचं पाऊल जरा चाचपडलं की मी आवाज चढवायचो. वरून फिलोनिकस कठड्यावर वाकून बघत होता. मी लुक्रिओच्या आईला नावं ठेवली, त्याच्या गावाला, त्याच्या जाड अंगठ्याला. शिव्या देताना रडू लपतं, एवढं त्या दिवशी कळलं. एका घरातून बाई डोकावून म्हणाली, अरे म्हाताऱ्याला किती बोलशील.

वळण आलं. मी मागे बघितलं. भिंत आड आली होती, वरून आता काही दिसत नव्हतं. मी थांबलो. आवाज थांबला तसा तोही जागच्या जागी थांबला, एक पाय पायरीच्या कडेवर, हात किंचित पुढे.

"वात्या?" तो म्हणाला. "दिसतोय का कोणी?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"इतकी वर्षं तुझ्या घणाखाली बोटं वाचवली," तो म्हणाला, "आज कान गेले लेका माझे."

आणि त्याने हात पुढे केला. मी पायऱ्या चढून वर गेलो आणि तो हात धरला.